इंडिकेटर देताना डीआरएल मंद की बंद? पाहणीपासून वायरिंगपर्यंतचे टप्पे

मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे नीट बघा. डीआरएलची, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्याची, पांढरी पट्टी लांबूनच डोळ्यांत भरते, पण तिला खेटून बसवलेला पिवळा इंडिकेटर गाडी वळायला लागली तरी कळत नाही. युरोपीय नियमांत डीआरएलची तीव्रता किमान ४०० कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचे एकक) आणि कमाल १२०० ठरवली आहे. पुढच्या साध्या इंडिकेटरची किमान मर्यादा १७५ कँडेला आहे. दोघे शेजारी आले की पिवळा हरतो. म्हणूनच अनेक कंपन्या इंडिकेटर लागताच त्या बाजूचा डीआरएल मंद किंवा बंद करतात.

आपल्या गाडीत तसे होत नसेल तर ते करून घेता येते. पण बहुतेक जण थेट वायर कापण्यापासून सुरुवात करतात. "भाऊ, पटकन करून द्या," असे म्हणत गाडी दुकानासमोर लावली जाते, "होऊन जाते ना" असे उत्तर येते, आणि अर्ध्या तासात एक रिले (विजेवर चालणारा स्विच) ठोकून गाडी परत मिळते. इंडिकेटर दिला की पांढरा आणि पिवळा आळीपाळीने मिचकायला लागतात. दिसायला झकास, पण समोरच्याला काही बोध होत नाही. आठवड्याने डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते ती वेगळीच. पाहणी, निर्णय, मार्ग, काम आणि तपासणी हा क्रम पाळला तर यातले काही होत नाही.

टप्पा १: आधी गाडी आज काय करते ते लिहून काढा

संध्याकाळी गाडी भिंतीपासून दोन-तीन मीटरवर उभी करा. एक जण आत बसेल, एक जण मोबाइलवर व्हिडिओ घेईल. पुढच्या प्रत्येक स्थितीत डावा आणि उजवा डीआरएल काय करतो ते वहीत लिहा.

इग्निशन ऑन पण इंजिन बंद. इंजिन चालू. हँडब्रेक ओढलेला आणि सोडलेला, कारण काही गाड्यांत हँडब्रेकवर डीआरएल लागतच नाही. पार्किंग लाइट चालू. हेडलाइट चालू. डावा इंडिकेटर, मग उजवा. हॅझर्ड. शेवटी रिमोटने गाडी उघडताना आणि बंद करताना.

दोन गोष्टी इथेच पकडायच्या. पहिली, पार्किंग लाइट लावल्यावर डीआरएलचीच पट्टी मंद होऊन पार्किंगचे काम करते का? बऱ्याच गाड्यांत करते आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दुसरी, इंडिकेटर लागला की तीच पट्टी पिवळी होते का, की इंडिकेटरची जागा वेगळी आहे?

हेडलाइटचा स्विच 'ऑटो'वर असेल तर आणखी एक फेरी मारा. छत्रपती चौकाजवळच्या डबलडेकर पुलाखालच्या सावलीत शिरताना काही गाड्यांचे हेडलाइट आपोआप लागतात, म्हणजे तेवढ्या वेळात डीआरएल पार्किंगच्या स्थितीत जातो आणि बाहेर पडल्यावर परत दिवसाच्या. वळताना नेमके हेच घडत असेल तर आपली जोडणी त्यातही नीट चालायला हवी.

> तपासा: इंडिकेटरची मिचकणी ३० सेकंद मोजा. ती ३० ते ६० दरम्यान हवी, म्हणजे मिनिटाला ६० ते १२०. जास्त वेगाने मिचकत असेल तर आधी तो दोष काढा. एखादा बल्ब गेलेला असतो किंवा कोणीतरी फिलामेंटच्या बल्बच्या जागी एलईडी घातलेला असतो. त्यावर नवे काम चढवू नका.

टप्पा २: नेमके काय हवे ते ठरवा

डीआरएलच्या उजेड देणाऱ्या भागाची कड आणि इंडिकेटरची कड यांच्यातले अंतर पट्टीने मोजा. आंतरराष्ट्रीय नियमांत ४० मिलिमीटर हा आकडा येतो. अंतर तेवढे किंवा त्याहून कमी असेल तर इंडिकेटर चालू असेपर्यंत त्या बाजूचा डीआरएल बंद किंवा मंद करायची मुभा आहे. एकाच पट्टीतून पांढरा आणि पिवळा दोन्ही निघत असतील तर मुभेचा प्रश्नच नाही. इंडिकेटर चालू असेपर्यंत पांढरा पूर्ण बंदच हवा. आणि डीआरएल खाली बम्परमध्ये, इंडिकेटर वर हेडलाइटमध्ये, मधे वीतभर अंतर, अशी गाडी असेल तर माझे मत सरळ आहे: काही करू नका. पैसे वाचवा.

अंतर कमी असलेल्यांपुढे तीन पर्याय उरतात.

मंद करणे हा सगळ्यांत चांगला. गाडीची रुंदी दिसत राहते आणि पिवळाही उठून दिसतो. पण हे सॉफ्टवेअरमधूनच नीट जमते.

पूर्ण बंद करणे हा वायरिंगच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी योग्य पर्याय. इंडिकेटर सुरू असेपर्यंत बंद, तो थांबला की साधारण सेकंदभरात पुन्हा चालू.

आळीपाळीने मिचकवणे हा पर्यायच नाही. पिवळा विझलेला असताना पांढरा पेटतो, त्यामुळे डोळ्याला सलग उजेड जाणवतो आणि मिचकणीचा अर्थच हरवतो.

हॅझर्डचेही आत्ताच ठरवून ठेवा. दोन्ही बाजू बंद झाल्या तरी चालते, आणि साध्या जोडणीत तसेच होते.

टप्पा ३: कायदा आणि वॉरंटी, दोन मिनिटांत

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२ए(४) नुसार नियमात न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे रंगांशी खेळ नको. डीआरएल पांढरा, इंडिकेटर पिवळा. निळा-लाल स्ट्रोब बसवून घेणारे पोट्टे अमरावती रोडवर दिसतात. त्यांचे बघून काही करू नका.

वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापली तर पुढे इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही तक्रारीवर सर्व्हिस सेंटर त्याच जोडाकडे बोट दाखवेल. वॉरंटी संपेपर्यंत थांबणे परवडत असेल तर थांबा. नसेल तर मूळ वायर न कापता, मधे बसणारा कपलर (वायरी जोडणारा प्लग) घेऊन काम करा.

टप्पा ४: तुमच्या गाडीचा मार्ग कोणता?

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, फोर्ड आणि जीप यांच्या बऱ्याच मॉडेलांत दिव्यांचे वागणे बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधल्या (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधल्या) सेटिंगवर चालते. फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस आणि ओबीडी-इलेव्हन, बीएमडब्ल्यूसाठी बिमरकोड, फोर्डसाठी फोरस्कॅन आणि जीपसाठी अल्फाओबीडी ही साधने मालक मंडळी वापरतात. फोर्डने भारतातले उत्पादन थांबवले असले तरी इकोस्पोर्ट आणि एन्डेव्हर रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांना हा मार्ग खुला आहे. यातली गाडी असेल तर टप्पा ५ वाचा, वायरीला हात लावू नका.

मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या गाड्यांसाठी मालकाच्या हाती येईल असे सोपे साधन सहसा नसते. आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे 'नाही' आले तर टप्पा ६.

बाहेरून बसवलेला डीआरएल असेल, फॉगच्या कडेने किंवा ग्रिलखाली, तरी टप्पा ६ च. फक्त आधी एक बघा. पांढरी-पिवळी अशी दोन्ही चालणारी पट्टी असेल तर तिच्या छोट्या डबीतच पांढरा रोखून धरण्याची सोय बहुधा असते आणि इंडिकेटरची वायर जोडलेलीच नसते. तीन वायरींत एक डीआरएलची, एक अर्थिंगची आणि एक, बहुतेकदा पिवळी, इंडिकेटरची. ती पिवळी वायर टेप गुंडाळून लोंबत ठेवलेली सापडली तर तुमचे काम दहा मिनिटांचे आहे. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, मीटर लावूनच खात्री करा.

> थांबा: हेडलाइटच्या मागे एकच मोठा कपलर असेल, डीआरएल आणि इंडिकेटर दोन्ही हेडलाइटच्या आतल्या एलईडी ड्रायव्हरवरून (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटवरून) चालत असतील आणि इंडिकेटर सरकत जाणारा असेल, तर वायरिंगचा मार्ग बंद समजा. बाहेर फक्त पुरवठा आणि डेटाची वायर मिळते. ती कापून काही होणार नाही. झालेच तर पूर्ण हेडलाइट बदलायचा खर्च होईल.

टप्पा ५: सॉफ्टवेअरने सेटिंग बदलणे

तयारी

कोडिंग (मॉड्यूलमधली सेटिंग बदलून लिहिणे) बिघडण्याचे सगळ्यांत साधे कारण कमजोर बॅटरी. इंजिन बंद, इग्निशन ऑन, दिवे चालू अशा अवस्थेत बॅटरी हळूहळू खाली येते आणि मॉड्यूल लिहिताना मधेच व्होल्टेज पडतो. सुरू करण्यापूर्वी मीटरवर १२.४ व्होल्टपेक्षा जास्त हवे; चार्जर लावून ठेवला तर उत्तम. एसी, पंखा, म्युझिक बंद. लॅपटॉप चार्ज केलेला. मोबाइलवरून करत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, म्हणजे ऐन वेळी फोन येणार नाही.

गाडीच्या तपासणीच्या (ओबीडी) सॉकेटला लावायचा ॲडॉप्टर त्या त्या सॉफ्टवेअरने सुचवलेलाच घ्या. स्वस्त ॲडॉप्टर एरर वाचायला चालतो. लिहायला त्याच्यावर विसंबू नका. फोर्डमध्ये दोन वेगळे नेटवर्क असतात आणि दोन्हींवर जाणारा ॲडॉप्टर लागतो. जीपच्या २०१८ नंतरच्या मॉडेलांत सिक्युरिटी गेटवे (बाहेरून लिहिणे अडवणारी व्यवस्था) आहे, तो वळसा घालून जाणारी केबल नसेल तर वाचन होते, लेखन होत नाही. फोक्सवॅगन गटाच्या अगदी नव्या गाड्यांत एसएफडी नावाचे कुलूप असते. ते कंपनीच्या सर्व्हरकडून उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

क्रम

१. सगळ्या मॉड्यूलचे स्कॅन करा आणि अहवाल सेव्ह करा. आधीचे एरर आधीच माहीत असतील तर नंतर आपल्या नावावर येणार नाहीत.

२. बॉडी मॉड्यूलचा पूर्ण बॅकअप घ्या. शिवाय जी सेटिंग बदलणार तिच्या स्क्रीनचा फोटो काढा. बॅकअपची फाइल हरवते, फोटो मोबाइलमध्ये राहतो.

३. फक्त डावी बाजू बदला. दोन्ही एकदम नाही.

४. सेव्ह करा, इग्निशन बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि टप्पा १ ची यादी डाव्या बाजूसाठी तपासा.

५. बरोबर असेल तरच उजवी बाजू करा.

६. पुन्हा स्कॅन करून नवे एरर आले का बघा.

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या एमक्यूबी या सामाईक प्लॅटफॉर्मवरच्या गाड्यांसाठी थोडे खोलात जाऊ, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. मॉड्यूल ०९ मध्ये, म्हणजे बॉडी मॉड्यूलमध्ये, जायचे आणि सिक्युरिटी ॲक्सेसला ३१३४७ द्यायचे. प्रत्येक दिव्याचे स्वतंत्र चॅनेल असते. डीआरएलच्या चॅनेलच्या नावात टीएफएल ही अक्षरे येतात. त्या दिव्याला ए पासून एच पर्यंत आठ कामे नेमून देता येतात, आणि तीव्रतेची किंमत मात्र जोडीने असते: एबी, सीडी, ईएफ, जीएच. जोडीच्या सोबत दिशा असते, मॅक्सिमाइज किंवा मिनिमाइज.

आपल्याला रिकाम्या जोडीत, समजा ईएफमध्ये, डावा इंडिकेटर हे काम टाकायचे आहे. इथे यादीत तीन सारखी दिसणारी जर्मन नावे येतात. 'हेलफाझे' म्हणजे इंडिकेटर पेटलेला असतानाचा काळ, 'डुंकेलफाझे' म्हणजे विझलेला असतानाचा, आणि 'बाइडे फाझेन' म्हणजे दोन्ही. लोक घाईत पहिले निवडतात आणि मग डीआरएल उलटा मिचकतो. आपल्याला दोन्हीवालेच हवे. तीव्रता शून्य ठेवली की बंद, आणि वीस-तीसच्या आसपास ठेवली की मंद.

दुसरी नेहमीची चूक दिशेची. दिशा मॅक्सिमाइजवर राहिली तर डीआरएलचे पूर्ण तीव्रतेचे काम वरचढ ठरते आणि शून्य लिहूनही दिवा जसाच्या तसा पेटलेला राहतो. मग माणूस 'हे आपल्या गाडीत चालत नाही' म्हणून सोडून देतो. मिनिमाइज करा, चालते.

तिसरी चूक: जोडी रिकामी आहे का हे न बघताच लिहिणे. तिथे पार्किंग लाइट किंवा रिमोटवर लागणारा दिवा बसलेला असेल तर तो जातो, आणि रात्री गाडी उघडताना एक बाजू अंधारी दिसते.

जीप आणि फोर्डमध्ये एवढी कसरत नसते. काही मॉडेलांत इंडिकेटरसोबत डीआरएल बंद करण्याचा एकच पर्याय यादीत असतो, तो चालू करायचा. यादीत नसेल तर आकडे टाकून अंदाजाने शोधत बसू नका. बॉडी मॉड्यूलमधले शेजारचे आकडे सेंट्रल लॉकचे असू शकतात.

टप्पा ६: वायरिंगने करणे

सामान

प्रत्येक बाजूला: १२ व्होल्टचा पाच पायांचा रिले (८५-८६ कॉइलचे पाय, ३० सामाईक; कॉइल बंद असताना ३० ला ८७ए जोडलेला, चालू असताना ८७) आणि त्याचा बेस, दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), १ किलोओहम आणि १० किलोओहमचे एकेक रेझिस्टर, ४७ मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टवाला कपॅसिटर, १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड), आणि आयआरएलझेड ४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच; त्याचे तीन पाय गेट, ड्रेन आणि सोर्स). बर्डीत (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून हे सगळे सुटे मिळते. कपॅसिटर घेताना १०५ अंशांचा मागा. ८५ अंशांचा स्वस्त पडतो, पण नागपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली तो टिकवायचा म्हणजे जुगारच. शिवाय २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज होल्डरसह, हीट श्रिंक नळी, चांगली लवचीक वायर, सोल्डर आणि मल्टीमीटर.

मॉस्फेट कशाला, नुसता रिले का नाही? रिलेची कॉइल सरळ इंडिकेटरच्या वायरवर लावली तर ती इंडिकेटरसोबतच टकटक करते आणि डीआरएल उलटा मिचकतो. काही जण मग कॉइलवर मोठा कपॅसिटर टाकतात. कॉइल शंभरेक ओहमची असल्याने त्याला हजारो मायक्रोफॅरड लागतात, आणि प्रत्येक मिचकणीला तो भरताना इंडिकेटरच्या लाइनवर जो झटका बसतो तो बॉडी मॉड्यूलला शॉर्ट वाटू शकतो. मॉड्यूल ती लाइन बंद करते आणि इंडिकेटरच जातो. मॉस्फेटला मात्र १ किलोओहममधून जेमतेम १०-१२ मिलिॲम्पिअर लागतात. मॉड्यूलला पत्ताही लागत नाही.

शोध

बॅटरी जोडलेली असताना मीटर लावून वायरी शोधा. शोध पूर्ण झाला की बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच कापा. बल्बचा टेस्टर वापरू नका; तो मॉड्यूलच्या लाइनवर नको तेवढा करंट ओढतो.

डीआरएलची पॉझिटिव्ह कोणती, हे इंजिन चालू करून आणि मग पार्किंग लाइट लावून बघा. दिवसा १३-१४ व्होल्ट आणि पार्किंगवर एकदम कमी आकडा आला तर मॉड्यूल त्याच वायरवर पुरवठा तुकड्या-तुकड्यांनी देऊन दिवा मंद करते आहे. रिलेच्या संपर्कातून तो तसाच जातो, काळजी नाही. पॉझिटिव्ह कायम असून निगेटिव्हच चालू-बंद होत असेल तर कापायची वायर निगेटिव्ह.

> सावधान: एअरबॅगच्या वायरी पिवळ्या आवरणात असतात. बम्परच्या मागे धक्क्याचे सेन्सरही असतात. पिवळे आवरण दिसले की हात मागे.

जोडणी

१. इंडिकेटरची वायर न कापता तिच्यावर जोड घ्या. त्यातून डायोड, त्याच्या अंगावरची पट्टी (रेघ) पुढच्या बाजूला, मग १ किलोओहम आणि मग मॉस्फेटचा गेट.

२. गेट आणि अर्थिंगच्या मधे तीन गोष्टी समांतर: कपॅसिटर (प्लस गेटकडे), १० किलोओहम आणि झेनर (पट्टी गेटकडे). ४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम मिळून इंडिकेटरच्या शेवटच्या मिचकणीनंतर रिले सुमारे पाऊण ते एक सेकंद धरून ठेवतात. मिनिटाला ९० मिचकण्या असतील तर विझलेला काळ साधारण एक तृतीयांश सेकंद, त्यामुळे मधे डीआरएल परत पेटत नाही. बॉडी मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का हे बघायला अधूनमधून जी बारीक चाचणी देते, तीही या १ किलोओहम-कपॅसिटरमध्ये जिरते.

३. मॉस्फेटचा सोर्स अर्थिंगला, ड्रेन रिलेच्या ८५ ला.

४. रिलेच्या ८६ ला इग्निशनवर येणारा पुरवठा, फ्यूजमधून. ८५-८६ च्या मधे दुसरा डायोड, पट्टी ८६ कडे. हा डायोड विसरला तर कॉइल सुटताना उठणारा झटका मॉस्फेट मारतो.

५. डीआरएलची पॉझिटिव्ह कापून मॉड्यूलकडचे टोक ३० ला, दिव्याकडचे ८७ए ला. ८७ ला नाही. ८७ए वर फायदा असा की आपली जोडणी कधी मेली तरी डीआरएल नेहमीसारखा पेटत राहतो.

६. पार्किंगलाही तीच पट्टी वापरली जात असेल तर आणखी एक रिले लागतो, दोन्ही बाजूंना मिळून एकच. त्याची कॉइल पार्किंग लाइटवर. इग्निशनचा पुरवठा त्याच्या ३० मधून ८७ए वाटे वरच्या दोन्ही रिलेंच्या ८६ ला. पार्किंग लागले की आपली व्यवस्था पूर्ण गप्प होते आणि रात्री वळताना एका बाजूचा पार्किंग लाइट गायब होत नाही. हा रिले बहुतेक ठिकाणी टाळला जातो. टाळू नका.

गाडीत बसवण्याआधी सगळे टेबलावर यूपीएसच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, फ्यूज लावूनच. डायोडच्या टोकाला प्लस टेकवा: रिले लगेच वाजला पाहिजे. काढा: थोडे थांबून सुटला पाहिजे. सुटतच नसेल तर १० किलोओहमचा टाका बघा. लगेच सुटत असेल तर कपॅसिटर उलटा किंवा सुटलेला आहे. उलटा लागला असेल तर टाकूनच द्या.

बसवणे

खिळ्यासारखी टोचणारी झटपट क्लिप वापरू नका. पहिल्या पावसाळ्यापर्यंत ठीक चालते, मग आत हिरवा गंज धरतो. सोल्डर करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. सर्किट उभ्या डबीत, वायरी खालून बाहेर, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही. डबी बम्परच्या खालच्या भागात कधीच नाही. नरेंद्र नगरच्या अंडरब्रिजखाली पावसात एकदा पाणी साचले की खालचे सगळे बुडते. बॅटरीच्या बाजूला, रेडिएटर आणि एक्झॉस्टपासून लांब अशी जागा शोधा.

अर्थिंग बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टवरच. रंगावर स्क्रू पिळून घेतलेली अर्थिंग म्हणजे दिवे लुकलुकण्याचे आमंत्रण.

टप्पा ७: शेवटची तपासणी

टप्पा १ ची वही काढा आणि तीच यादी त्याच क्रमाने पुन्हा करा. डावा इंडिकेटर दिल्यावर डावाच डीआरएल विझतो ना? बाजू उलट्या जोडल्या जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. इंडिकेटरचा वेग पूर्वीइतकाच आहे ना? लेन बदलताना कांडी हलकी दाबून तीन मिचकण्या देऊन बघा. पांढरा मधे एकदाही परत यायला नको. मग हॅझर्ड, रिमोट, ऑटो हेडलाइट. दिवसाउजेडी भर उन्हात समोरून एकदा बघायला विसरू नका, कारण हा सगळा खटाटोप त्या उन्हासाठीच आहे.

पाण्याची नळी हलक्या हाताने पुढच्या भागावर मारून दहा मिनिटे दिवे चालू ठेवा. लांबचा प्रवास झाला की रिले आणि फ्यूज होल्डर हाताने चाचपा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर जोड सैल आहे.

अडचण आली तर

*डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण:* डीआरएल तुटला की मॉड्यूलला ती लाइन उघडी दिसते. रिलेच्या रिकाम्या ८७ वरून अर्थिंगला २२ ओहमचा, २५ वॅटचा ॲल्युमिनियमच्या आवरणातला रेझिस्टर लावा. इंडिकेटर चालू असेपर्यंत दिव्याऐवजी भार तो घेईल. तो तापतो, म्हणून पत्र्यावर घट्ट बसवा, प्लास्टिकवर नको. त्यानेही खूण गेली नाही तर ही गाडी वायरिंगने होणारी नाही. मूळ जोडणी परत करा.

*बाहेरचा डीआरएल ट्रॅफिकमध्ये आपोआप विझतो:* त्याची डबी बॅटरीचा व्होल्टेज वाढला की इंजिन सुरू आहे असे समजते. अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या गाड्यांत ती फसते. पुरवठा बॅटरीवरून काढून इग्निशनच्या फ्यूजवर घ्या.

*एका इंडिकेटरला दोन्ही डीआरएल विझतात:* दोन्ही बाजूंचे गेट कुठेतरी एकत्र आलेत. ते वेगळे करा. खात्रीसाठी इंडिकेटरकडचे दोन्ही डायोडही सोडवून मीटरच्या डायोड स्थितीत दोन्ही दिशांनी मोजा. एकाच दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा यायला हवा.

*इंजिन बंद करून किल्ली काढल्यावरही रिले धरलेला:* ८६ चा पुरवठा इग्निशनऐवजी थेट बॅटरीवर गेलाय आणि मॉस्फेट शॉर्ट झालाय. फ्यूज काढा, मॉस्फेट बदला, आणि टप्पा ६ मधला चौथा मुद्दा पुन्हा तपासा. डायोड उलटा लागलेला किंवा लावलाच नसल्याचे बहुधा तिथेच सापडते.